टारफुला, अमरवेल, बांडगूळ बघायला माणशी 900 रुपये द्यावेत का? सातारा-कास एकदिवसीय फेरीचा अनुभव

आधी उत्तर सांगतो, द्यावेत. ज्यांना वेळ नाही त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल, बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितो कारण जायच्या आधी मी शोधलं तेव्हा मराठीत कुणी काही लिहिलेलं सापडलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी गेलो होतो, मी आणि माझी भाची, ती अकरावी सायन्सला आहे. कासला याआधी तीनदा जाऊन आलोय, गर्दीत फोटो काढून परत. ही फेरी वेगळी, इथे फुलांचा गालिचा बघायचा नसतो, फक्त परजीवी वनस्पती बघायच्या, म्हणजे ज्या दुसऱ्या झाडाच्या मुळात किंवा फांदीत घुसून खातात त्या, आणि त्या मुळात अशा झाल्या कशा हा दिवसभराचा विषय. 14 जणांचा ग्रुप, सकाळी सातला साताऱ्यातून निघायचं, संध्याकाळी सहापर्यंत परत, नाश्ता जेवण धरून 900. माहिती देणाऱ्या मॅडम कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, वय सत्तरीच्या आसपास असेल पण चढावर आमच्या पुढे.

माझ्यासाठी या विषयाला एक घरचा धागा आहे. आमचं गाव तासगावकडचं, लहानपणी आमच्या ज्वारीत टारफुला यायचा. अण्णा म्हणजे माझे वडील सकाळी उठून तो उपटायला जायचे आणि आम्हालाही न्यायचे, पांढरी बारीक फुलं, दिसायला नाजूक, पण तो जमिनीवर दिसेपर्यंत ज्वारी आधीच पिवळी पडून खुरटलेली असायची. उपटला की वरच्या वर तुटायचा. अण्णा म्हणायचे, याचं मूळ याचं नाहीच, ज्वारीचंच आहे. तेव्हा ते वाक्य कळलं नव्हतं, या रविवारी कळलं.

फेरी सुरू झाली ती कासला नाही, साताऱ्याच्या बाहेर एका जुन्या वाड्याच्या पडक्या दगडी भिंतीपाशी. मिनीबस अर्धा तास उशिरा आलेली, सगळे वैतागलेले, आणि मॅडमनी उतरवलं ते या भिंतीपुढे. दगडांच्या फटीत एक साधं झुडूप, पिवळी छोटी फुलं, आपण रोज बघतो आणि नाव विचारत नाही असं. त्या म्हणाल्या हे लिंडेनबर्जिया, हे परजीवी नाही, नीट बघून ठेवा, दिवसभर मी याच्याकडे परत येणार आहे. ग्रुपमधल्या एका काकांनी विचारलंच, मॅडम मग हे का दाखवताय? तर त्यांचं म्हणणं असं की टारफुला ज्या कुळातला, ऑरोबँकेसी, त्याच कुळात हे भिंतीवरचं झुडूप येतं, पण हे स्वतःचं अन्न स्वतः करतं, कुणाच्या मुळाला हात लावत नाही. या कुळात परजीवीपणा एकदाच सुरू झाला आणि लिंडेनबर्जियाची फांदी त्याच्या आधीच वेगळी झाली. म्हणजे टारफुल्याचे पूर्वज परजीवी व्हायच्या आधी साधारण कसे जगत असतील याचा अंदाज बांधायला हाताशी असलेला जिवंत नमुना म्हणजे हा. मला हे फार आवडलं, कुठलाही फोटो नाही, स्लाइड नाही, थेट भिंत.

मग कास. इथे दोन फुलं दाखवली जी तुम्ही शंभर टक्के बघितलेली असणार. एक तुतारी, पांढरी, लांब नळीची, संध्याकाळी उमलते. दुसरी दुधाळी, गुलाबी-जांभळट फुलं आणि दोऱ्यासारखी पानं. दोन्ही हिरव्यागार, उन्हात उभ्या, काहीच वावगं दिसत नाही, आणि दोन्ही अर्धपरजीवी! खाली जमिनीत त्यांची मुळं शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटून पाणी आणि क्षार ओढतात. पानांतून अन्न स्वतः बनवतात पण पाणी दुसऱ्याचं. पठारावर मातीचा थर कुठे कुठे वीतभरसुद्धा नाही, खाली कातळ, पाऊस थांबला की ओल झपाट्यानं जाते, अशा ठिकाणी शेजाऱ्याच्या मुळातून पाणी मिळणं म्हणजे किती मोठी सोय ते डोळ्यांनी दिसतं. मॅडम म्हणाल्या, परजीवीपणाची पहिली पायरी बहुतेक हीच असावी, आधी पाणी, अन्न नंतर. अर्धपरजीवी झाडं पानांची छिद्रं शेजाऱ्यापेक्षा जास्त उघडी ठेवतात, पाणी भराभर उडवतात, त्यामुळे ओढ त्यांच्या बाजूला राहते, पाणी आपोआप तिकडे जातं. इथे उपटून काही दाखवलं नाही आणि दाखवू नयेच, त्याबद्दल त्यांचे आभार, कासवर एकही रोप कुणी उपटलं नाही आमच्या ग्रुपमध्ये.

कासच्या वाटेवरच झाडीच्या कडेला, गवताच्या बुडाशी एजिनेशिया. हे बघून भाची खाली बसलीच. हिरवा रंग कुठेच नाही, पान म्हणावं असं पान नाही, गवतातून सरळ वर आलेला एक तपकिरी-पिवळसर दांडा आणि टोकाला वाकलेलं जांभळट गुलाबी फूल, चिलमीसारखं. हे पूर्ण परजीवी, गवताच्या मुळावर जगतं, प्रकाशाशी याचा संबंध संपला. तुतारी, दुधाळी, टारफुला आणि हे एजिनेशिया ही सगळी त्या कुळातल्या एकाच गोतावळ्यातली, जवळची भावंडं. तुतारी हिरवी आणि बऱ्यापैकी स्वावलंबी, टारफुला हिरवा पण ज्वारीसारख्या पोशिंद्याशिवाय जगूच शकत नाही, आणि एजिनेशियानं हिरवेपणा सोडूनच दिला. या कुळात पूर्ण परजीवी होण्याची ही उडी किमान तीन वेळा स्वतंत्रपणे झालेली आहे. एका सकाळी सगळ्या पायऱ्या चालत बघायला मिळाल्या, पुस्तकात हे आकृतीत असतं, इथे पायाखाली होतं.

जेवण कासहून उतरल्यावर एका शेतकऱ्याच्या घरी, पिठलं, भाकरी, वांग्याची भाजी, ताक, पोटभर आणि उत्तम. खरी गोष्ट जेवणानंतर झाली. त्या घराच्या बांधाला वैरणीसाठी थोडी ज्वारी लावलेली आणि त्यात टारफुला होता, शेतकरी काकांनी मुद्दाम उपटायचा ठेवलेला. काकांनी खुरप्यानं एक ज्वारीचं ताट मातीसकट अलगद उचललं, मॅडमनी बादलीत बुडवून माती विरघळू दिली, ओढलं नाही अजिबात, दहा मिनिटं नुसतं हलवत होत्या. मग पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन त्यात मुळं पसरली आणि दहापट लेन्स हातात दिली. ज्वारीचं मूळ जाड, टारफुल्याचं पांढरं बारीक, आणि जिथे ते ज्वारीच्या मुळाला भेटतं तिथे एक गाठ, मोहरीहून लहान. एवढंच. शाळेत "शोषक मुळे" असं पाठ केलेलं आठवत होतं, परीक्षेला दोन मार्क, ती गोष्ट ही. त्या गाठीच्या आत टारफुल्याच्या पेशी ज्वारीच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांपर्यंत पोचून जोडल्या गेलेल्या असतात. अण्णांचं वाक्य तिथे ताटलीत पडलेलं दिसलं मला, कुठे एक मूळ संपतं आणि कुठे दुसरं सुरू होतं ते बोटानं दाखवता येत नव्हतं. मी बराच वेळ लेन्स सोडली नाही, मागे लोक थांबलेले होते, त्यांची माफी मागतो.

आता मूळ प्रश्न, ही गाठ आली कुठून? नवीन अवयव शून्यातून बनत नाही. मॅडमनी सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगतो. 2015 मध्ये या कुळातल्या परजीवींची जनुकं तपासली गेली तेव्हा दिसलं की गाठ बनवायला वापरलेली बरीचशी जनुकं आधीपासून दुसऱ्या कामावर होती, काही मुळांत आणि काही चक्क फुलात, परागनलिकेत. परागकण फुलाच्या किंजल्कावर पडला की त्यातून नळी निघते आणि दुसऱ्या फुलाच्या पेशींमधून वाट काढत बीजांडापर्यंत जाते, म्हणजे परक्या पेशींत न मारता घुसण्याची कला प्रत्येक फुलझाडाकडे आहेच. त्या जनुकांच्या जास्तीच्या प्रती तयार झाल्या आणि त्यातली एक प्रत मुळाच्या टोकाला नव्या कामाला लागली. भाचीनं विचारलं, मग जुनं काम कोण करतं? दुसरी प्रत करते, म्हणूनच तर झाड मरत नाही. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आणि टारफुल्याचं बी. मॅडमकडे छोट्या बाटलीत होतं, कागदावर चिमूटभर टाकलं तर तपकिरीची पूड वाटली, एक बी साधारण पाव मिलिमीटरचं. एका झाडाला अशी हजारोंनी बिया, आणि जमिनीत दहा वर्षांहून जास्त काळ जिवंत राहतात. त्यात शिदोरी इतकी कमी की रुजल्यावर काही दिवसांत पोशिंद्याचं मूळ सापडलं नाही तर संपलं. म्हणून ते बी वाट बघतं, ज्वारीचं मूळ अगदी जवळ आल्याशिवाय उठतच नाही. त्याला कळतं कसं? ज्वारी स्वतः सांगते. जमिनीत स्फुरद कमी पडलं की मुळं एक रसायन सोडतात, स्ट्रायगोलॅक्टोन, ते असतं मुळांशी भागीदारी करणाऱ्या बुरशीला बोलवायला, ही बुरशी स्फुरद आणून देते आणि बदल्यात साखर घेते, ही भागीदारी 40 कोटी वर्षांहून जुनी. टारफुल्यानं ती हाक ऐकायला शिकून घेतली. गंमत म्हणजे हे रसायन पहिल्यांदा सापडलं 1966 मध्ये, टारफुल्याच्या स्ट्रायगा या शास्त्रीय नावावरूनच त्याचं नाव पडलं, आणि बुरशीसाठीची हाक हा त्याचा खरा उपयोग कळायला 2005 उजाडलं. पहिल्यांदा मिळालं तेही कापसाच्या मुळात, आणि कापूस तर टारफुल्याचा पोशिंदाच नाही! कापसाच्या हाकेनं बी उठतं, चिकटता येत नाही, मरतं. आधी कापूस घेऊन मग ज्वारी घेतली तर टारफुला कमी होतो त्यामागे हे आहे. शेतकरी काका इथे पुढे सरकून ऐकत होते.

ऐकायला शिकून घेतली म्हणजे काय, हेही मॅडमनी सोडलं नाही. साध्या झाडांच्या बियांत एक जनुक असतं ज्यामुळे वणवा जाऊन गेल्यावर धुरातल्या रसायनाची चाहूल लागते आणि बी रुजतं, कारण आग गेली म्हणजे जागा मोकळी झाली. टारफुल्याच्या घराण्यात या जनुकाच्या प्रती वाढत गेल्या, आफ्रिकेतल्या मोठ्या टारफुल्यात तर असे 11 कान सापडलेत, आणि त्यातले बरेच धुराऐवजी पोशिंद्याच्या हाकेला जागे होतात. हेही 2015 चंच काम. मी पुण्यात कंपनीत काम करतो, वनस्पतीशास्त्राशी माझा संबंध बारावीला संपला, पण हे मला एका बैठकीत समजलं, यातच मॅडमचं शिकवणं आलं.

अमरवेल रस्त्याच्या कुंपणावर दाखवली, सगळ्यांना माहीत असते, पिवळे दोरे. नवीन कळलं ते म्हणजे ती गारवेलीच्या आणि रताळ्याच्या घराण्यातली, तिचे पूर्वज आधीपासूनच वेटोळे घालत चढणारे वेल, म्हणजे मिठी मारायची सवय आधीची, मिठीतून दात फुटले नंतर. 2006 मध्ये अमेरिकेत प्रयोग झाला त्यात अमरवेलीच्या एका जातीचं कोवळं रोप टोमॅटोच्या वासाकडे वळत गेलं, गव्हाकडे तितकं नाही. आणि 2019 मध्ये दुसऱ्या एका जातीत 108 जनुकं अशी सापडली जी पोशिंद्या झाडांकडून तिच्यात आलेली आहेत. नुसतं अन्न नाही, वारसासुद्धा घेतला.

इथेच माझी एक तक्रार. कोकणच्या किनाऱ्यावर अगदी अशीच पिवळट दोऱ्यांची वेल झुडपांवर पसरलेली असते, कॅसिथा, मी गुहागरला बघून अमरवेलच समजलो होतो. ती निघाली दालचिनी-तमालपत्राच्या घराण्यातली! अमरवेलीशी काडीचं नातं नाही, दोन वेगळ्या घराण्यांनी वेगळ्या वेळी तोच देह घडवला. हे इतकं महत्त्वाचं उदाहरण आणि मॅडमकडे त्याचा एकच वाळलेला नमुना कागदावर चिकटवलेला, तोही बसमध्ये हातोहात फिरवला, मागच्या सीटवर येईपर्यंत उतरायची वेळ झाली. दोन्ही वेली ताज्या शेजारी ठेवून लेन्सखाली फुलं दाखवली असती, कॅसिथाचं फूल तीनाच्या हिशोबात आणि अमरवेलीचं पाचाच्या, तर एका क्षणात पटलं असतं. आयोजकांनी आदल्या दिवशी कोकणातून एक फांदी मागवावी, अवघड नाही.

बांडगूळ त्या घराच्या आंब्यावरच होतं. बांडगुळाचं आपल्या भाषेत काय झालंय ते सगळ्यांना माहीत आहे, ऐतखाऊ माणसाला द्यायची शिवी. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका सहलवाल्यांबरोबर गेलो होतो तेव्हा त्यांच्या गाइडनं सांगितलं होतं की दिसेल तिथे तोडून टाका, विषय संपला. मॅडमनी आंब्याच्या मालकांसमोर सरळ सांगितलं की बाग उत्पन्नाची असेल तर फांदी कापावीच लागते, नुकसान होतं, ते खोटं नाही. पण मग फुलटोचा पक्ष्याची गोष्ट सांगितली, अंगठ्याएवढा पक्षी, बांडगुळाची फळं खातो, बी इतकं चिकट की ते त्याला फांदीवर पुसूनच काढावं लागतं, आणि पुसलं की पेरणी झाली. हळदीकुंकू नावाचं आपलं ते पिवळं-लाल फुलपाखरू बांडगुळावर अंडी घालतं. बांडगूळ तोडायचं तर तोडा पण कुणाकुणाचं घर जातंय ते माहीत असू द्या, असं त्यांचं म्हणणं. आणि बांडगूळ हे चंदनाच्या गणातलं. चंदन स्वतः अर्धपरजीवी, म्हणून तर चंदन लावताना सोबत तूर लावतात, नुसतं चंदन लावलं की रोप खंगतं. या गणाचे पूर्वज जमिनीतल्या मुळांवर जगणारे होते, तिथून उठून फांदीवर जायचा प्रकार या एका गणात पाच वेळा वेगवेगळा झाला. आंब्यावरचं बांडगूळ आणि देवघरातलं खोड एकाच घराण्यातलं, हे ऐकल्यावर एक आजी म्हणाल्या, अगं बाई, मग शिवी तरी कशाला देतो आपण.

संध्याकाळचं सत्र मात्र गुंडाळलं. चार ते साडेपाच एका हॉलमध्ये स्लाइड, उशिरा सुरू झालं, प्रकाश इतका होता की पडद्यावर काही दिसेना. सगळा मोठा हिशोब इथेच होता, जगात परजीवी फुलझाडं साधारण 4,750 जातींची, म्हणजे फुलझाडांच्या सुमारे एक टक्का, आणि परजीवीपणा सुरू झाला तो एकदा नाही, 12 वेळा, बारा वेगवेगळ्या घराण्यांत. त्यातली चार हजारांहून जास्त दोनच घराण्यांत, चंदनाचा गण आणि टारफुल्याचं कूळ. बाकी दहा घराणी मॅडमना पंधरा मिनिटांत संपवावी लागली. रॅफ्लेशियाला तर दोनच मिनिटं! मीटरभर रुंदीचं फूल, खोड नाही पान नाही, द्राक्षाच्या घराण्यातल्या एका वेलीच्या आत धाग्यासारखं राहतं आणि फक्त फुलायला बाहेर येतं. 2007 मध्ये कळलं की हे एरंडाच्या कुळातून निघालंय, ज्या कुळातली फुलं नखाएवढी असतात, आणि त्यातून फुलाचा आकार जवळपास 79 पट वाढला. त्याचा भाऊबंद सॅप्रिया आपल्याकडे ईशान्येत, अरुणाचलात आहे. सॅप्रियानं फुलझाडांत सगळीकडे आढळणाऱ्या जनुकांपैकी 44 टक्के गमावलीत आणि हरितलवकाचा स्वतःचा डीएनए पूर्णपणे, 2021 चा अभ्यास. यावर एक तास द्यायला हवा होता. हॉलऐवजी आंब्याखाली बसवून बोलल्या असत्या तरी चाललं असतं, स्लाइडची गरजच नव्हती त्यांना.

बाकी बारीकसारीक. लेन्स 14 जणांत सहाच होत्या, आपली असेल तर घेऊन जा, दहापट पुरते. सोबत दिलेली पुस्तिका पूर्ण इंग्रजीत, तोंडी सगळं इतकं सुंदर मराठीत सांगणाऱ्या मॅडम असताना ही गोष्ट मला खरंच लागली, शेतकरी काकांना ती देताना आमच्यातल्या कुणालाच बरं वाटलं नाही. मी आयोजकांना तसं लिहिलंय, मराठी करायला मदतही करतो म्हटलंय, अजून उत्तर नाही. पावसाळी बूट हवेत, कासवर चिखल होता. लहान मुलं दहाच्या पुढची न्या, त्याआधी मुळाच्या गाठीत जीव रमणार नाही. स्वच्छतागृह जेवणाच्या घरीच, मधे कुठे नाही.

पाचपैकी साडेचार. अर्धा हॉलसाठी आणि पुस्तिकेसाठी कापला.

घरी आल्यावर अण्णांना फोनवर सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, म्हणजे ज्वारीच त्याला बोलवायची? म्हटलं, बुरशीला बोलवायची, ऐकायचा हा. फेब्रुवारीत याच लोकांची बांडगुळाच्या फुलांची फेरी आहे, चालणं कमी असतं असं सांगितलंय, अण्णांचं गुडघ्याचं दुखणं आहे म्हणून आधी विचारून घेतलं. तीन सीट बुक केल्यात. टारफुला तेव्हा नसणार, पण मॅडमनी ती मुळाची गाठ स्पिरिटच्या बाटलीत घालून ठेवलीय, दाखवते म्हणाल्या.